चार इंच

काँक्रीटचा पाइप खांबाच्या तोंडाशी आला, तेवढ्यात शर्वाणीने हात वर करून पंप थांबवला. या पुलावर रुजू होऊन तिला चारच दिवस झाले होते, आणि नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरच्या मेलमध्ये आत्ता तिला बदललेला नकाशा सापडला होता. सळयांभोवतीच्या रिंगा सहा इंचांवर नाही, चार इंचांवर हव्या होत्या. नकाशा येऊन तीन आठवडे झाले होते.

तशीच ती शिडी चढली आणि टेप लावला. चार इंच. पुन्हा मोजलं. चारच.

"जुन्या साहेबांनी जाता जाता तोंडी सांगितलं होतं, मॅडम," खालून मल्लेशी मुकादम म्हणाला. "तवापासून आम्ही चारवरच बांधतोय."

तिच्या जिवात जीव आला. मग तिची नजर नदीपलीकडच्या खांबाकडे गेली. तिथे दुसरी टोळी होती, आणि तिथलाही पंप सुरू व्हायच्या बेतात होता.

"त्यांना सांगितलंत ना?"

मल्लेशीने हातातली पक्कड कमरेला खोचली. "तिथला मुकादम माझा साडू. लग्नातल्या मानपानावरनं दोन वर्षं बोलणं बंद आहे आमचं."

तिकडच्या इंजिनिअरचा फोन लागेना. शेवटी मल्लेशीनेच स्वतःचा फोन काढून साडूचा नंबर लावला. पलीकडच्या काठावर एका माणसाने खिशातला फोन काढून पाहिला, कट केला, आणि पंपवाल्याला हाताने खूण केली: सोड.