हलव्याचा काटा

हलव्याचा मुकुट डोक्यावर टेकला आणि तीन वर्षांच्या अनिशने अशी किंकाळी फोडली, की बोरं वेचायला जमलेली शांती नगरातली पोरं एकदम गप्प झाली.

"ताई, राहू दे ना. त्याला खरंच सोसत नाही," क्षितिजा म्हणाली. सकाळपासून तिसऱ्यांदा. दर वेळी आवाज थोडा उतरत होता.

तिची नणंद शेवंतीताई भाच्याच्या बोरन्हाणासाठी मुद्दाम रत्नागिरीहून आली होती. मंद शेगडीवर पाक सोडत सोडत आठ दिवस तिने हलवा केला होता. काटा असा फुलला होता, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. आणि भावजय म्हणते, टोचतो!

"हलवा कुणाला टोचलाय गं आजवर? लाडावून ठेवलंयस नुसतं."

थेरपीवाल्या मॅडमनी क्षितिजाला समजावलं होतं: शर्टाचं लेबल त्याला काट्यासारखं लागतं, मिक्सर सुरू झाला की कानात सुरी गेल्यासारखं होतं, हा हट्ट नाही. तिला ते पटलंही होतं. पण पंधरा माणसांसमोर सांगायचं म्हणजे आपलं पोर चारचौघांसारखं नाही, हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं. तिची जीभ रेटेना.

"रोएगा थोडा, बच्चा है," शेजारच्या भावनाबेन हसून म्हणाल्या.

"तू धर त्याचे हात," ताई म्हणाली. "आईने धरलं की पोरं रडत नाहीत."

क्षितिजाने धरले.

बोरं, चुरमुरे, उसाचे करवे त्याच्या डोक्यावरून कोसळले. पोरं तुटून पडली. ओरडता ओरडता अनिश तिच्याकडेच बघत होता, आई सोडवेल म्हणून. मग त्याने बघायचं थांबवलं. हात तिच्या मुठीत सैल पडले.

"चल, काढूया हं," म्हणत तिने घाईघाईने मुकुट उतरवला. कपाळावर बारीक लाल ठिपके उठले होते. तो हलला नाही. एरवी परक्याचा हात लागला की अंग चोरणारं पोर आज या मांडीवरून त्या मांडीवर गेलं, फोटो निघाले, गालगुच्चे झाले, आणि त्याने हूं की चूं केलं नाही. काय केलं मी हे, असं क्षितिजाला झालं.

"बघ, झाला की नाही शहाणा?" शेवंतीताईने त्याच्या केसांतले चुरमुरे झटकले. "सवय लावावी लागते. उद्या लगेहात केसही कापून आणू."