कच्चा अ‍ॅक्सल

हिंदुराव पोवारांनी वैजूच्या रेसच्या गाडीला नवा क्लच बसवला, नवा गिअरबॉक्स बसवला, पण मागचा डावा अ‍ॅक्सल मुद्दाम जुनाच ठेवला. इंजिनाची ताकद वाढवली की कुठंतरी काहीतरी तुटणारच. मग जे बदलता येतं तेच आधी तुटावं, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत.

“आबा, तो अ‍ॅक्सल पण बदला,” त्यांची लेक वैजू म्हणाली. “दोन रेस त्याच्यापायी गेल्या.”

“बदलतो,” ते तोंडदेखलं म्हणाले.

या गाड्यांचा वेग आता हाडामांसाला झेपत नव्हता. म्हणून टीमच्या डॉक्टरांनी वैजूची आधी मान बदलली, मग पाठीचा कणा आणि दिवाळीत हृदय.

“तुझ्यात जुनं काय ठेवलंय त्यांनी?” पाना पुसत हिंदुरावांनी विचारलं.

“मेंदू तेवढा. तो बदलता येत नाही अजून.”

ती गाडीभोवती एक चक्कर मारून परत त्यांच्यापाशी आली.

“आबा, तो अ‍ॅक्सल पण बदला. दोन रेस त्याच्यापायी गेल्या.”

हिंदुरावांच्या हातातला पाना तसाच राहिला. सकाळपासून ही चौथी वेळ होती. आधीच्या तिन्ही वेळा त्यांना तो पोरीचा हट्ट वाटला होता.