उलटी लव

माझ्या शिवणकामाच्या दुकानाचा कारभार आता सुनेकडे आहे; जीभ मात्र माझ्याकडेच राहिली. काल जुनी गिऱ्हाईकबाई मखमली झगा घेऊन तणतणत आली. एक बाही काळपट दिसत होती. मखमलीची लव उलटी धरून कापलं की रंगच बदलतो. "कोणाचा हा प्रताप? त्याला हाकला, नाहीतर मी पुन्हा पायरी चढणार नाही!" कापड बेतणारे मामा मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, सूनबाई बोट दाखवून मोकळी होणार. ती म्हणाली, "ताई, शेवटची नजर माझी असते. मी झगा उजेडात धरलाच नाही. चूक माझी. उद्या नवी बाही लावून मीच घरी आणते." बाई निवळली, झगा ठेवून गेली. सून माझ्याकडे वळली. "सासूबाई, ओरडा आता." "मालकिणीवर ओरडायची माझी काय टाप? जेव आधी, बाही मी उसवते."