बाप्तिस्म्याचे पाणी
बॉनच्या इस्पितळात, १९५८च्या हिवाळ्यात, आत्मारामच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलीचा श्वास काचपेटीत अडखळत होता. नन पाण्याची वाटी घेऊन आली. “बाळाचा भरवसा नाही. बाप्तिस्मा देते, नाव सांगा.” अमेरिकेतल्या स्पॅनिश मिशनांत वस्तीला आलेल्या भटक्या शिकाऱ्यांवर आत्माराम प्रबंध लिहीत होता. पाद्र्यांच्या धान्यापायी त्यांनी आपली जुनी नावेसुद्धा टाकली, असे त्याने ठामपणे मांडले होते. आता त्याच्या मुलीचा प्राणवायू या ननच्याच हाती होता. “अहो, घालू द्या पाणी,” त्याची बायको मालिनी पुटपुटली. “रागावल्या तर?” “मारिया,” तो कसाबसा म्हणाला. पाणी शिंपडून नन वळताच मालिनी पेटीच्या झरोक्याशी वाकली. “तुझी आत्या इथं नाही, मीच सांगते. कुर्र... उल्का.” नन थबकली. “काय सांगितलंत?” आत्मारामला आपला प्रबंध आठवला. मिशनांतल्या आयांनीही पाद्र्यांची पाठ वळताच अशीच जुनी नावे कुजबुजली असतील. “प्रार्थना,” तो म्हणाला.