सोनूबाईचा अर्ज

कायद्यापुढे लहानथोर सगळे सारखे असतात. सोनूबाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, तेव्हा मात्र मॅजिस्ट्रेटसाहेबांना तिचा पांढरा अंबाडा तेवढा दिसला. शिपायाने तिच्या पायाखाली एक खोकं सरकवलं आणि न्यायाला सुरुवात झाली.

पंचाहत्तर साल होतं. म्हाताऱ्या आईबापांना पोटच्या पोराकडून पोटगी मागता येते, असा कायदा नुकताच आला होता. तो अंधेरीच्या कोर्टातून वेसाव्याच्या कोळीवाड्यापर्यंत इतक्या लवकर पोचला, हेच नवल. सत्तरीच्या सोनूबाईला मासळीची पाटी डोक्यावर पेलवेनाशी झाली, तशी सून मालनने तिची चूल वेगळी करून दिली. चूल दिली, तांदूळ द्यायचे राहिले.

सोनूबाईने शपथ घेतली. समोर तिचा मुलगा खंडू मुठी आवळून उभा होता. "कोर्टात एक शब्द इकडचा तिकडे झाला ना, तर वाट लागेल, सांगून ठेवतो," असं तो कालच दारात येऊन बजावून गेला होता. त्याच्यामागे बाकावर मालन, कमरेला पैशांची पिशवी. कोळ्याच्या घरात दर्यातून मासळी आणतो पुरुष. विकते बाई, आणि पिशवी राहते बाईच्याच कमरेला.

"मुलगा सांभाळत नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाय सांभाळत," सोनूबाई जमिनीकडे बघत म्हणाली.

"मग जेवता काय?"

"शेजारची शेवंती देते, तवा जेवते."

साहेब खंडूकडे वळले. "आईला का देत नाही हो?"

"साहेब, बिडीला मी बायकोपुढे हात पसरतो. आयेला कुठून देऊ?"

सगळं कोर्ट हसलं. मालन हसली नाही.

"कायद्याला मुलगा कळतो, बायकोची पिशवी कळत नाही," असं म्हणून साहेबांनी अर्ज चष्म्याजवळ नेला. "हा लिहिला कोणी?"

सोनूबाईने पदर घट्ट ओढून घेतला. नेमका हाच प्रश्न नको होता. मालन कान टवकारून पुढे सरकली. लिहिणाऱ्याचं नाव तिला कळलं असतं, तर त्याची धडगत नव्हती.

"धक्क्यावर... एक शिकलेला माणूस भेटला."

"नाव?"

"इसरले, साहेब. म्हातारी झाले."

"अक्षर भयंकर आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद खाली ठेवला. खंडूच्या कपाळावर आठी पडली.

हुकूम झाला. दरमहा साठ रुपये. चुकले, तर मुलगा तुरुंगात.

"हा आत गेल्यावर होडी काय साहेब हाकणार?" मालन कडाडली. शिपाई पुढे आला, तशी तिने पिशवीचं तोंड सोडलं आणि साठ रुपये मोजून सासूपुढे आपटले.

बाहेर व्हरांड्यात सोनूबाई नोटा पदराला बांधत होती. गाठ काही बसेना. मालन तणतणत बस बघायला पुढे गेली. खंडूही निघाला होता. तो अर्ध्या वाटेवरून वळला आणि तरातरा परत आला. सोनूबाई भिंतीला टेकली.

खंडूने एकदा बायकोच्या पाठीकडे बघितलं आणि तो आईच्या कानाशी वाकला.

"आये, अर्ज लिहून दिल्याचं मी काय मागत नाय. पण त्यातले पाच रुपये बिडीला देशील ना?"