हलगीवरचा हात

पडद्यामागे आपल्या जागेवर उभं राहताना ज्योतीनं सहज मान वळवून मागचा फ्लेक्स पाहिला. आजोबा नव्हते.

सुलतान बाजारातली प्रभातफेरी होती, झेंडा होता, पांढऱ्या टोप्या होत्या, गाताना उघडलेली तोंडं होती. त्या काळी स्टुडिओवाले असे फोटो थेट पोस्टकार्डावर छापून देत. ज्योतीच्या घरचं ते कार्ड मंडळानं सतरा सप्टेंबरच्या, मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमासाठी मागून नेलं होतं आणि माणसाएवढी माणसं दिसतील इतकं मोठं केलं होतं. फक्त उजव्या टोकाला जिथे हलगी वाजवणारा माणूस होता, तिथे एक मनगट आणि उगारलेली काडी एवढंच उरलं होतं. बाकीचा माणूस फ्लेक्सच्या कडेपाशी संपला होता.

मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव फोटोग्राफरला जागा दाखवत तिथेच फिरत होते. ज्योतीनं त्यांना गाठलं.

"प्रतापराव, आमचे आजोबा कापलेत की हो."

त्यांनी चष्मा सारखा करून पाहिलं. "अरेरे! पण काय आहे, कार्ड लांबट आणि स्टेज आखूड. एका बाजूनं थोडं घ्यावंच लागतं."

"मग दुसऱ्या बाजूनं घ्यायचं."

"दुसऱ्या बाजूला आमचे काका आहेत ना," प्रतापराव अगदी साधेपणानं म्हणाले.

त्यांच्या मनात काही नव्हतं. असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

"पण त्या दिवशी सगळ्यांच्या गाण्याला ठेका आजोबांचा होता."

"ज्योतीताई, आत्ता नको. पाहुणे येऊन बसलेत." आणि ते हार शोधायला गेले.

आजोबांनी गावात हलगी पुष्कळ वाजवली होती. लग्नात, मयतीला, दवंडीला, जो बोलावील त्याच्या दारात. धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी ती खुंटीला टांगली ती कायमची. हे कार्ड मात्र जपलं. कुणाचा हुकूम नसताना, आपल्या मनानं वाजवलेली ती एकच सकाळ, असं ते म्हणायचे.

ज्योतीला तिथून निघून जावंसं वाटलं. पण खाली उतरायचा जिना पलीकडच्या बाजूला होता आणि मध्ये सगळा कोरस उभा होता, तिच्यासारखीच तिरंगी काठाची साडी नेसून, हातात तिच्यासारखीच फाइल धरून. समोर हार्मोनियमवर बसलेल्या मेधाताईंनी बोट उगारलं. "गाणं सुरू झालं की मुंगी चावली तरी हलायचं नाही कुणी." मागच्या रांगेत, कडेला, ज्योतीनं अंग चोरून घेतलं. पडदा वर गेला.

पहिल्याच रांगेत तिची रसिका बसली होती, शेजारी मैत्रीण गौरी. माझे पणजोबा आज स्टेजवर एवढे मोठे दिसणार, असं रसिकानं आठवडाभर नल्लकुंट्यातल्या त्यांच्या सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं. तिनं आधी उजव्या टोकाला पाहिलं. मग घाईघाईनं डावीकडून सुरुवात केली आणि एकेक चेहरा बघत पुन्हा उजवीकडे आली. गौरीनं तिला कोपरानं ढोसलं. काय विचारलं ते स्टेजवरूनही कळत होतं.

रसिकानं आईकडे पाहून हात उघडला. कुठे आहेत?

ज्योती गात होती. गाणं सगळ्यांच्या एकीचं होतं आणि चालही गोड होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं. डोळ्यांनी तरी काय सांगणार? आपल्याच घरचं कार्ड आपण आपल्या हातानं दिलं, या विचारानं तिला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं.

गौरीनं पुन्हा काहीतरी विचारलं. रसिकानं मान खाली घातली आणि फ्रॉकला लावलेला कागदी झेंडा उगीचच सरळ करत बसली.

तेवढं मात्र ज्योतीला सहन झालं नाही.

दुसरं कडवं संपलं. नुसती हार्मोनियम वाजू लागली. ज्योतीनं रांग सोडली आणि एक पाऊल कडेला टाकलं. मग आणखी एक. फ्लेक्स संपला, मागे चुन्याची भिंत आली, विजेची बटणं आली. मेधाताईंनी डोळे वटारले. विंगेतून प्रतापराव शुक शुक करू लागले. ती तिथेच उभी राहिली. फ्लेक्सच्या कडेशी तुटलेलं ते मनगट आता बरोबर तिच्या खांद्याशी आलं होतं.

कोरसनं तिसरं कडवं उचललं. ज्योतीनं शब्द घेतले नाहीत. फाइल छातीशी आडवी धरून तिनं पुठ्ठ्यावर बोटांनी ठेका धरला. आधी दबकत, मग सगळ्यांना ऐकू जाईल असा. तबलजीनं चमकून वर पाहिलं.

रसिकाची मान वर झाली. मग तिनं गौरीची बाही ओढली आणि बोट दाखवलं. "वो देख."

फोटोग्राफर गुडघ्यावर बसून कॅमेरा डोळ्याला लावत होता. त्यानं कॅमेरा खाली घेतला आणि हातानं खुणा करत ज्योतीला म्हणाला, "मॅडम, जरा अंदर सरको ना. फ्रेम में नै आ रे आप."

ज्योतीनं ठेका मोडला नाही.