मागचा जिना

"आई, इकडून नाही. मागून," लेक हळूच म्हणाली.

आई पुढच्या दारातच थांबली. समोर रुंद लाकडी जिना डौलात वळत वर गेला होता. तो मालकांचा आणि पाहुण्यांचा. नोकरांचा जिना वेगळा, स्वयंपाकघरामागे दोन भिंतींच्या मध्ये दडवलेला, बिनखिडकीचा. दीडशे वर्षांपूर्वी मोठी घरं अशीच बांधत. काम दिसावं, काम करणारे दिसू नयेत. पुढे घर विद्यापीठाचं झालं, कुलगुरू राहायला आले, आई तिथे कामाला लागली. रीत मात्र तीच राहिली.

दुरुस्तीच्या वेळी विद्यापीठाच्या समितीला लिफ्टसाठी मागचा जिना पाडायचा होता. त्याच विद्यापीठात वास्तुकला शिकवणारी लेक इरेला पेटली. "माझ्या आईचा जन्म गेला त्या जिन्यावर! पाडायचाच तर आधी मला काढा," असं तिनं भर बैठकीत सुनावलं. समितीनं हात टेकले. आज घर पुन्हा उघडत होतं. मागच्या जिन्यानं पहिल्यांदा वर जाण्याचा मान आईचा, असं लेकीनंच ठरवलं होतं. फोटोवाले तिकडे ताटकळत होते.

आईनं पुढच्या जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. "हा मी रोज पुसायचे. वरून सुरुवात करायची, गुडघ्यांवर, एकेक पायरी उलटं खाली यायचं. उतरायची मुभा होती. चढायची नव्हती."

कुलगुरू लगबगीनं आले. "आजी, तुमचा जिना पलीकडे आहे."

"माझा?" आई हसली. "माझ्या बापानं बांधलाय का, साहेब?"

आईनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या. कठडा सोडून ती मधोमध चालली होती. मध्येच थांबे, दम खाई, पुन्हा चढे. पण मागे वळून तिनं एकदाही पाहिलं नाही.

लेकीचा चेहरा उतरला. एवढं भांडून ती आईला पुन्हा मागच्याच दारी धाडत होती. ती धावत पायऱ्यांशी गेली.

"तू नाही!" वरून आईचा आवाज आला, खणखणीत. "तुम्ही सगळे मागून या. आणि एकेक जण या, तिथे दोघं मावत नाहीत."